बिनफोडणीचं वरण

तेलात मोहरी तडतडली की मला सांगलीतलं आमचं नर्सेसचं हॉस्टेल आठवतं. गोवराची लस तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. लहानपणी गोवर येऊन गेलेल्या मुलींनाच त्या वॉर्डात पाठवत. मेट्रननं विचारलं, तेव्हा माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं हात वर केला. घरात सगळ्या भावंडांना एकदमच गोवर आला होता, असं ती ऐकत आली होती. थोड्याच दिवसांत तीच त्या वॉर्डात तापानं फणफणली, धापा टाकू लागली. आष्ट्याहून तिची आई आली. लेकीनं हात वर केल्याचं ऐकून तिनं मेट्रनला गाठलं. “आवं, त्या साली ही मामाकडं कोरेगावला हुती. हिला कवा आलता गोवर?” मग लेकीच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवून ती बसून राहिली. घरात गोवर असला की फोडणी द्यायची नाही, म्हणून तिनं आम्हालाही हात जोडले. मेसमध्ये फोडणी बंद झाली. आम्ही मुकाट्यानं बिनफोडणीचं वरण गिळत राहिलो. एका सकाळी लेकीच्या तोंडावर चादर ओढून ती वॉर्डातून थेट मेसच्या दारात आली. हातात तो सुकलेला डहाळा होता. म्हणाली, “पोरींनो, आता द्या फोडणी.”