इद्दरचे दोन तंबू

अस्कालेच म्हणजे खमकी बाई. देसे शहराच्या वरच्या वस्तीत इद्दरचे दोन तंबू, बाकं आणि हंडे सव्वीस वर्षं तिच्याच ताब्यात. इद्दर म्हणजे मयताला धावून जाणारी शेजाऱ्यांची मंडळी. कुणी गेलं की तासाभरात दारात तंबू उभा आणि आत शेजारपाजार बसलेला. हंड्याला पोचा पाडून परत आणलात, तर अस्कालेच तुमच्या सात पिढ्या उद्धरायची!

झेनेबवर्क तिची जिवाभावाची मैत्रीण. मागंपुढं कुणी नाही, आणि सहा महिने अंथरुणाला खिळलेली. तिचं एकच मागणं होतं.

"अस्कू, जन्मभर दुसऱ्यांच्या तंबूत बसून रडले गं. मलाही तंबूतून ने. बेवारशासारखं उन्हातून नको."

"गप गं! मला पोचवल्याशिवाय कुठं जातेस तू?" अस्कालेच खेकसली. पण वचन दिलं.

त्याच सुमारास सरकारनं इद्दरांशी करार करायचं ठरवलं. निराधार म्हाताऱ्यांकडे मंडळीनं बघायचं, नर्स आणि औषधं सरकारनं द्यायची. चांगलंच होतं की! सह्या व्हायच्या आधीच झेनेबवर्कच्या उंबऱ्यात नर्स आली ती त्यामुळेच. सह्यांचा समारंभ ठरला, आणि कचेरीतले गेताहुन साहेब तंबू मागायला आले.

"दोन्ही द्या बाई, पाहुणे फार आहेत."

धाकटा तंबू मागं ठेवावा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण कुणासाठी म्हणून सांगणार? श्वास चालू असलेल्या माणसासाठी तंबू राखायचा नसतो, ते मरणाला आवतण. सगळी वस्ती हेच मानते. तिनं दोन्ही दिले.

समारंभाच्या सकाळीच झेनेबवर्क गेली. माती दुपारीच द्यायची होती. अस्कालेच तशीच मैदानाकडे धावली. दोन्ही तंबू एकमेकांना बांधून मोठा मांडव केलेला, खाली तीनशे माणसं.

"साहेब, एक सोडवा हो! आमची बाई गेली."

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो, एक दोर सुटला तर सगळं लोकांच्या डोक्यावर येईल. भाषणं आटोपली की मी स्वतः घेऊन येतो."

पण भाषणं कसली आटोपतायत! इकडे माती द्यायला आलेले पाद्री आणखी थांबायला तयार नव्हते. मंडळीतले सगळे मांडवात अडकलेले. शेवटी चार म्हाताऱ्यांनी तिरडी उचलली, मागं एकटी अस्कालेच. रणरणतं ऊन. वाटेत कर्ण्यावरून तिचंच नाव ऐकू आलं, निराधारांची सेवा केल्याबद्दल सत्कार. टाळ्या वाजल्या. तिला रस्त्यातच हुंदका फुटला.

संध्याकाळी साहेबांनी खरंच तंबू आणला, खुंट्या स्वतः ठोकल्या. अख्खी वस्ती येऊन बसली, रडली.

"तुझा काय दोष गं?" शेजारीण म्हणाली. "तुला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं," अस्कालेच म्हणाली. "ती जाणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. बोलायलाच भ्यायले."