तुटक्या पुलापलीकडे

ताई आष्टीहून डोळे दाखवायला वर्ध्याला आली, की तिथून जवळच बोरगाव मेघेला माझ्याकडे जेवूनच जाते. मागच्या खेपेला ती आली तेव्हा मी लॅपटॉप उघडून बसले होते. बऱ्याच खटपटीनं त्यात एम्युलेटर टाकला होता. म्हणजे नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. त्यावर आमचा लहानपणीचा गुहेतला गेम सुरू झाला होता.

तेव्हा आम्ही हिंगणघाटला राहायचो. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथला मोडीत निघालेला काँप्युटर त्यांनी रिक्षात मांडीवर धरून घरी आणला, त्यातच तो गेम होता. कीबोर्ड एक आणि आम्ही दोघी बहिणी. म्हणून बाणांची बटणं ताईकडे, स्पेसबार माझ्याकडे. ती त्या इवल्या माणसाला पळवायची, खड्डा आला की "उडव!" म्हणून ओरडायची, आणि मी उडवायची. तुटक्या पुलाशी मात्र तो हमखास नदीत पडायचा. आई आतून विचारायची, "मेला का वं पुन्हा?"

ताईला तेच संगीत ऐकू आलं. "आपलाच होय का हा?" ती म्हणाली. "पण मले काही दिसून नाई राह्यलं. डॉक्टरनं थेंब टाकले न डोळ्यात."

"मी सांगते ना. तू बस."

तिनं न पाहता बाणांवर बोटं ठेवली. सुरुवातीला नव्या मशीनच्या वेगानं माणूस भलताच सुसाट पळाला. मी वेग कमी केला. आता ओरडायचं काम माझं होतं. "उजवीकडे. थांब. आता पळ!" पुलाजवळ येताच मी खेळ सेव्ह केला. पडलो तरी इथूनच सुरू करता येईल, असं तिला सांगितलं.

"हे तवा काऊन नाई होतं वं?" ताई खरोखरच चिडली.

कितीतरी वेळा पडलो, आणि अचानक पलीकडे पोचलो. दोघी एकदमच ओरडलो.

"काय हाये तिकडे?"

"तशीच गुहा. दगड फक्त निळे आहेत."

"पाहू दे." तिनं स्क्रीनला जवळजवळ नाक टेकवलं आणि बराच वेळ तशीच पाहत राहिली. मग तिनं फोन काढून माझ्या हातात दिला, भाऊजींचा नंबर लावायला सांगितला.

"आज नाई येत मी," ती त्यांना म्हणाली. "इथं काम हाये."