घरं दाखवणाऱ्या मावशी

“दो मिनिट कोणी बोलू नका हं,” असं बजावून मावशी रिकाम्या घराच्या मधोमध डोळे मिटून उभ्या राहायच्या. मग निकाल द्यायच्या. “मागे पिठाची चक्की आहे. दुपारची झोप विसरा.”

घरं दाखवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घराची खोट आधी सांगणारी मी ही एकच पाहिली.

इंदूरला विजय नगरच्या पलीकडे नव्या कॉलन्या वसत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी आणि नवरा भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. आमचं घर शोधायला मावशींनी सहा महिने आम्हाला फिरवलं. ओल आलेली भिंत त्या स्वतःच नखाने खरवडून दाखवायच्या. “भिया,” त्या नवऱ्याला म्हणायच्या, “पाणी किती वाजता येतं ते मालकाला नाही, शेजारणीला विचारायचं.”

शेवटी एक घर मनात भरलं. छोटं, दुमजली, दारात चिकूचं झाड. मालक निवृत्त मास्तर, एकटेच. मुलगा बंगळुरूला, तो बोलावत होता म्हणून विकायचं. काका उत्साहाने घर दाखवत होते. गच्चीवर म्हणाले, “ही टाकी पुढच्या उन्हाळ्यात साफ करून घेणार आहे.”

मावशी थबकल्या. “काका, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही इथे कुठे असणार?”

काका पायरीवर बसले. “मुलगा म्हणतो, एकटे राहू नका. त्याचंही खरं आहे.”

“आणि तुमचं?”

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला.

मावशी आमच्याकडे वळल्या. “चला बेटा. हे घर विकायचं नाहीये.”

मला रडूच आलं. पडदे कुठले लावायचे इथपर्यंत माझं ठरलं होतं. “मावशी, तुम्ही आमच्या बाजूने आहात की त्यांच्या?” मी तिथेच विचारलं. गच्चीला लागून असलेल्या दोन बंद खोल्यांकडे मावशी बघत होत्या. मग काकांकडून नंबर घेऊन त्यांनी मुलाला फोन लावला.

“बेटा, तुझे बाबा एकटे नाही राहणार. वर मियां-बीवी राहायला येतायत. चांगली माणसं आहेत, सहा महिने पारखलीत मी.”

आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं! नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. ते घाईघाईने चहा टाकायला उठले होते.

आम्ही वर राहायला गेलो, ते आजही तिथेच आहोत. घर काकांचंच आहे. माझी मुलगी मात्र ते स्वतःचं समजते आणि काका तिला दुजोरा देतात.

आमच्या गल्लीतली निम्मी घरं मावशींनीच अशी बसवलेली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्या नागपूरला लेकीकडे निघाल्या. लेक गाडी घेऊन आली होती. गाडी गल्लीत शिरली खरी, पण दर फाटकाशी थांबत होती. कुणी शेवेचा डबा दिला, कुणी लोणचं, कुणी गोधडी. “अरे बस, बस! मी बसू कुठे?” मावशी ओरडत होत्या. मागची सीट भरली, तेव्हा काकांनी चिकूचं रोप त्यांच्या मांडीवरच ठेवलं.

गाडी कोपऱ्यावर वळली. पानांच्या आड मावशी दिसतच नव्हत्या. खिडकीबाहेर काढलेला हात तेवढा हलत होता.