वडिलांनी ठोकून पाहिलेले स्पीकर

स्पीकरचे दोन्ही डबे मी आमगावच्या घरी स्वतः बनवले. प्लायवूड कापलं, घासलं, पॉलिशचे चार हात देऊन आरशासारखं चमकवलं. गाणं लावलं, तर नुसती ढोलकीच घुमत राहिली. शब्द कळेनात.

तेवढ्यात वडील धानाच्या बांधीतून, शेतावरून आले. ढोलीत किती धान उरलंय हे ते झाकण न उघडता, बाहेरून ठोकून सांगतात. तसंच त्यांनी माझ्या डब्यावर बोटानं ठोकलं.

"एथं पोकळ वाजून राहिला. अंदरून टेकू काऊन नाही देल्ला?"

मी भडकलो. महिनाभर व्हिडिओ पाहून मापं काढणारा मी, आणि हे मला शिकवणार! तरी त्यांची पाठ वळताच दोन्ही डबे उघडले आणि आत लाकडाची एकेक आडवी पट्टी बसवली. ढोलकी ताळ्यावर आली, शब्द लख्ख ऐकू आले. मी एकटाच घरभर नाचलो. वडील नुसते "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी बाजारातून नवे स्पीकर आणले आणि आम्हाला कौतुकानं पाहायला बोलावलं. वडिलांनी तिथंही बोटानं ठोकलं.

"वापस कर," ते म्हणाले. "माया पोराकडून बनवून घे."