मधेच दिलेली दाद

गाणं ऐन रंगात असताना मी मोठ्यानं "वाहवा" म्हणालो आणि खोलीतली सगळी गोरी मंडळी वळून माझ्याकडे बघू लागली. त्यांच्यात गाणं संपेपर्यंत खोकायचंही नसतं, हे मला कोण सांगणार?

गाणाऱ्या बाई कुवेतच्या सलवा भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहत. पूर्वी फ्रान्समध्ये ऑपेरात गायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या आणि मुलांना गाणं शिकवू लागल्या. बाहेर टाळू भाजणारं ऊन असलं, तरी लिफ्टमधल्या एसीच्या धाकानं त्यांच्या गळ्याला लोकरी मफलर असे. गाणं असलं की दोन दिवस आधीपासून मौन. माझ्या नमस्कारालाही भुवईनंच उत्तर. या वेळी मौन आठवडाभर चाललं, कारण गळ्याच्या ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच, आपल्या घरी, चार माणसांसमोर गाणार होत्या.

वरच्या सुरावर आवाज कापला. तो सावरून त्यांनी सूर असा काही लावला, की माझ्या तोंडून वाहवा निघून गेली. बाई थांबल्या. मी अंग चोरून बसलो. मग त्या हसल्या आणि तीच ओळ पुन्हा, आणखी मोकळ्या गळ्यानं गायल्या.

आम्ही निघताना त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आयुष्यभर शेवटच्या टाळीपर्यंत जीव मुठीत धरून गायले. तुमच्याकडे असं मधेच सांगतात?"

"सांगतात ना," मी ऐटीत म्हणालो.

जिना उतरताना बायको म्हणाली, "अहो, मग उद्यापासून आमटी कशी झालीय तेही जेवता जेवताच सांगत जा. मीही तुमचं ताट उचलेपर्यंत वाट बघत असते."