मामी नदीवर बोलावते

दवाखान्यात तिला सगळे ‘मधली’ म्हणायचे. मानसिक आजारांच्या खोलीत एका खुर्चीत डॉक्टरीणबाई, दुसरीत आदिवासी पेशंट, आणि मध्ये ही दुभाषी. नोकरी तोंडाची, पण स्वतःचं तोंड उघडायचं नाही, अशी गंमत. वरून नव्या सूचना आल्यापासून मात्र तिचा भाव वधारला होता. आदिवासींच्या रीतीभातींना आजार समजू नका, शंका आली तर त्यांच्यातल्याच माणसाला विचारा, असं त्यांत होतं. विचारायचं म्हणजे मधलीलाच.

आज खुर्चीत तिचा मामा होता. आई गेल्यावर त्यानेच तिला लहानाची मोठी केली. आता मामी गेली आणि त्याचं अन्नावरून मन उडालं.

“रोज हाक मारते,” मामा आपल्या भाषेत म्हणाला. “नदीवर ये म्हणते.”

मधली डॉक्टरीणबाईंकडे वळली. “मामी त्यांच्याशी बोलते, म्हणतात,” तिने सांगितलं. नदी तेवढी गिळून टाकली.

“तुमच्यात हे असतं का, ताई?”

“असतं. आमच्यात मेलेली माणसं घरी येऊन बोलतात.”

खोटं नव्हतं ते. तिची आजी तर मेलेल्या नवऱ्याशी कडाकडा भांडायची. पण नदीचं सांगितलं तर मामाला वॉर्डात ठेवतील, वॉर्डात राहून आलेल्याला वस्ती जन्मभर वेडा म्हणते, आणि मामाला कोणी वेडा म्हटलेलं तिला सोसलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मामा सुटला.

त्याला बाहेर बाकावर बसवून ती कामाला लागली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पाण्याचा ग्लास भरला, तसाच ठेवला. पुढच्या पेशंटचं बोलणं अर्ध्यात विसरली. शेवटी उठून दाराशी आली.

मामाने घराची किल्ली तिच्या हातात ठेवली. “तुझ्याकडेच राहू दे पोरी. मला लागायची नाही.”

ती तशीच मागे फिरली.

“मॅडम, मी अर्धंच सांगितलं. मामी त्याला नदीवर बोलावते. आमची मेलेली माणसं चुलीपाशी येतात, भांडतात, जेवायला मागतात. ये म्हणून बोलावत नाहीत कधी. ही आमची रीत नाही. मामाला ठेवून घ्या.”

डॉक्टरीणबाई ताबडतोब उठून तिच्याबरोबर बाकापाशी आल्या.

“घरातलं बाहेर सांगितलंस?” मामाने विचारलं.

“सांगितलं.”

मामाने तोंड फिरवलं. मधली त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून शेजारी बसली. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी, पण इथून उठू नकोस, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.