सोमवारची बाटली

धाराशिवच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी जलप्रदूषण शिकवतो. आमच्या लॅबमधले मामा पोरांवर एकाच गोष्टीवरून खेकसतात, "बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळा, मग भरा." दर सोमवारी ते स्वतःच्या गावच्या ओढ्याचं पाणीही तपासायला आणतात. त्या ओढ्यात ते पोहायला शिकले. आता तिथं म्हैससुद्धा तोंड घालत नाही. पाण्यातले जंतू किती ऑक्सिजन खातात, हे कळायला पाच दिवस लागतात, म्हणून आकडा मी शनिवारी सांगतो.

"चांगलं न्हाय का?"

"नाही, मामा."

"बरं. सोमवारी बघू."

गेल्या शनिवारी मात्र आकडा जवळजवळ शून्य आला. मी धावतच त्यांच्याकडं गेलो. "मामा, पाणी चांगलंय. अगदी निर्मळ."

ते स्टुलावर बसले. "अजून एकदा म्हणा की, सर."

मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

मग हळूच म्हणाले, "ह्या सोमवारी म्या वड्याला गेलोच न्हाय. बाटलीत आपल्याच लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर हुतं. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं हुतं."